सानपांची सतरा नंबरची करवत

बद्रीनाथ सानप आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, असं नावांच्या फलकावर लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात त्यांचा मुक्काम पार्किंगमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असायचा, आणि ती शेड बरोबर माझ्या खिडकीखाली येते. मी पहिल्या मजल्यावर दहावीच्या मुलांना गणित शिकवते. मी फळ्यावर समरूप त्रिकोण काढावेत आणि खालून दोरी ओढल्याची खरखर सुरू व्हावी, हे इतकी वर्षं चाललं की मुलं पैजा लावायला लागली होती. आज कितव्या झटक्याला पेटणार? पेटलं की जो कर्कश आवाज उठायचा, त्यात त्रिकोणच काय, शिकवणारीही गप्प व्हायची.

सानपांना छंद होता तो जुन्या करवतींचा. झाडं तोडणाऱ्यांच्या हातात असतात त्या, पेट्रोलवरच्या, लांब पात्याभोवती दातेरी साखळी फिरणाऱ्या. पण नव्या नव्हेत. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या, परदेशी, बनवणारे कारखानेसुद्धा बंद पडलेल्या, गंजून मुकाट झालेल्या. कुणी तिकिटं जमवतं, कुणी नाणी. हे गृहस्थ करवती जमवायचे. भिंतीवर तेवीस टांगलेल्या, प्रत्येकीला पत्र्याचा नंबर. आणि एवढ्या करवती बाळगून या माणसाने कधी साधी फांदी तोडली असेल तर शपथ.

माणूस मूळचा बीडकडचा. पस्तीस वर्षांपूर्वी पुण्यात येऊन एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून लागला. एका रविवारी जुन्या बाजारात त्यांना एक लोखंडी धूड मिळालं, ते मोपेडचं इंजिन असावं असं त्यांना वाटलं. घरी आणून उघडलं, रॉकेलने धुतलं, आणि ओट्याशेजारी उभं राहून दोरी ओढली. त्यांच्या पत्नी द्वारकावहिनी अजून सांगतात, "तव्यावर भाकर व्हती. सगळं घर निळं झालं. मला वाटलं स्टोव्ह फुटला. आन् हे आपले हसायलेत!" तेव्हापासून जे वेड लागलं ते नोकरी संपली तरी सुटलं नाही. उलट, नोकरी सुटल्यावर त्या वेडाला दिवसाचे आठ तास जास्तीचे मिळाले.

सानपांच्या पायाला भिंगरी होती. जेवायचे उभ्याने, एक घास घेऊन गॅलरीत जायचे, परत येऊन दुसरा घास घ्यायचे. तुमच्याशी बोलताना त्यांचा हात खिशातला स्क्रू फिरवत असायचा. एखाद्या करवतीसाठी आठ-आठ महिने जिवाचं रान करायचं, टिंबर मार्केटपासून भंगारवाल्यांच्या गोदामांपर्यंत चकरा मारायच्या, आणि ती पेटली की अर्ध्या मिनिटात बंद! मग टाकी रिकामी करायची, पुसायचं, नंबर लावून भिंतीवर टांगायचं, आणि त्याच संध्याकाळी दुसरी उघडायची. टाकी रिकामी करण्याला कारण होतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये उसापासून काढलेलं इथेनॉल असतं आणि ते आतल्या जुन्या रबराला फुगवतं. पण मला वाटतं, तसं नसतं तरी त्यांनी ती रिकामीच केली असती.

"अहो सानप, एखादी तरी वापरा," मी एकदा म्हटलं होतं.

"वापरून काय करू मॅडम? वापरायला लागलं की बिघडायला लागतंय."

मला हा माणूस आवडत नव्हता असं नाही. राग यायचा, तो वेगळा. एकदा खाली भांडायला गेले, तर ते इंजेक्शनच्या सिरिंजने पेट्रोलमध्ये तेल मोजून घालत होते. या इंजिनाला वेगळं तेल नसतं, पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, पंचवीस भागांना एक भाग, असं त्यांनी मला समजावलं. नुसतं पेट्रोल घातलं तर आतला पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि जागच्या जागी चिकटून बसतो. मग ते इंजिन कायमचं गेलं. हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी तान्ह्या मुलाला उपाशी ठेवल्याची गोष्ट सांगतायत. एका भागाचा पंचविसावा हिस्सा इतक्या काळजीने मोजणाऱ्याशी गणिताच्या बाईने काय भांडायचं? मी तशीच वर आले.

त्या तेवीसमध्ये सतरा नंबर ही खरी लाडकी. जर्मन, साधारण पासष्ट सालची. मिळाली तेव्हा तिचा पिस्टन वितळून गेलेला होता. दुसरा पिस्टन शोधण्यात चार वर्षं गेली. शेवटी चिकमगळूरकडच्या एका कॉफीच्या मळ्यात, कोठारातल्या खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेला, कधीच न वापरलेला असा एक सापडला. सानप स्वतः जाऊन तो मांडीवर घेऊन आले. "हे जगात परत नाही मिळायचं, मॅडम," म्हणून त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि मी नीट बघायच्या आत परतही घेतला. सतरा नंबर पेटली त्या दिवशी आमचा वॉचमन शंभू शेडच्या दारात स्टुलावर बसून टाळ्या वाजवत होता. शंभू त्यांच्याच तालुक्यातला, पस्तिशीचा. गेटवरून उठायची थोडी सवड मिळाली की तो शेडच्या दारात. सानपांच्या करवतींचं कौतुक मनापासून करणारा असा सोसायटीत तो एकटाच.

दिवाळीनंतरच्या सभेत मी ठराव मांडला. सोसायटीच्या आवारात पेट्रोल साठवायचं नाही. पार्किंगमध्ये तीस गाड्या, वर आमची घरं, आणि शेडमध्ये पेट्रोलचा डबा. कुणालाही पटेल असाच ठराव होता आणि तो एकमताने झाला. माझं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि बरोबर होतं असंही ठामपणे म्हणता येत नाही. सानप फक्त "बरं मॅडम" म्हणाले आणि त्याच संध्याकाळी डबा आणि तेलाच्या बाटल्या स्कूटरवर ठेवून शहराबाहेरच्या मांजरी गावाला गेले. तिथे त्यांचा मित्र मच्छिंद्र याचा ऊस आहे. वर्षातून एकदा फेब्रुवारीत त्याच्या शेतावर जुन्या इंजिनांच्या नादाची पाच-सहा माणसं जमतात, आपापलं मशीन सुरू करून दाखवतात, ओंडके कापतात आणि पिठलं-भाकरी खाऊन घरी जातात. यंदा सानप तिथे सतरा नंबर नेणार होते. म्हणून भिंतीवरच्या सगळ्यांमध्ये तिला एकटीला नवी धारदार साखळी चढवलेली होती.

मांजरीचा तो मेळावा रविवारी होता. त्याच्या आधीचा मंगळवार. सकाळचे अकरा. वारा नाही, काही नाही. आमच्या गेटला लागून कुठल्याशा पाइपसाठी आठवडाभर चर खोदलेला होता, आणि खोदणाऱ्याने गेटजवळच्या गुलमोहराची त्या बाजूची सगळी मुळं तोडून ठेवली होती. झाडाने फार आवाजही केला नाही. एक लांब करकर झाली आणि गुलमोहर गेटवर आडवा झाला. शंभू गेटमध्ये उभी केलेली कुणाची तरी सायकल बाजूला घेत होता.

मी वह्या तशाच टाकून खाली धावले. मांडीएवढी जाड फांदी शंभूच्या डाव्या पोटरीवर होती आणि खाली गेटचा सिमेंटचा उंबरा. चार जणांनी फांदी उचलायला घेतली, तर वरचं खोड हललं आणि शंभू असा ओरडला की सगळ्यांनी हात काढून घेतले. कुणी कोयता आणला, त्याने नुसत्या ढलप्या उडाल्या. अग्निशमनची गाडी निघाली होती, पण रस्ता खोदलेला, तिला लांबून वळसा घालून यायचं होतं. शंभूच्या पायाखाली रक्त पसरत होतं.

मी वळले तर सानप सतरा नंबर हातात घेऊन मागे उभे. पण टाकी कोरडी. पेट्रोल नाही, ते माझ्या ठरावाने मांजरीला गेलेलं. मी माझ्या स्कूटरला नळी लावली, तोंडाने ओढली आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत अर्धा लिटर तरी पेट्रोल काढलं. तोंड जळत होतं. बरणी त्यांच्यापुढे धरली.

"घाला!"

सानपांनी बरणीकडे पाहिलं. मग हातातल्या करवतीकडे.

"तेल नाही त्याच्यात, मॅडम. तेल मांजरीला हाये."

"मग?"

"तेलाशिवाय नाही जमायचं."

त्यांनी सतरा नंबर हळूच एका गोणपाटावर ठेवली आणि धावत सुटले. एकोणसाठ वर्षांचा माणूस, पायात चप्पल नाही, चौकापलीकडच्या गॅरेजकडे असा पळाला की लोक बघत राहिले. मी शंभूचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तो मला म्हणत होता, "मॅडम, सानपभाऊ येतेत ना?" येतायत, मी म्हटलं. चौदा मिनिटं लागली. चौदाच, कारण माझं लक्ष घड्याळावरच होतं. पहिलं गॅरेज बंद निघालं, म्हणून ते पुढच्या गल्लीत गेले होते.

आले तेव्हा घामाने निथळत होते. आणि आल्यावर त्यांनी सिरिंज काढली. मी ओरडले, "अहो, अंदाजाने ओता ना!" त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यांनी तेल मोजून घातलं, बरणीला झाकण लावून ती दोनदा खालीवर केली, आणि मग टाकीत ओतलं. तिसऱ्या झटक्याला सतरा नंबर पेटली. शंभूच्या पायाच्या एका बाजूला एक काप, दुसऱ्या बाजूला एक. दोन कापांत, दोन मिनिटांच्या आत, मधला तुकडा सुटला आणि आम्ही तो उचलला. पाठोपाठ गाडी आली, रुग्णवाहिका आली आणि शंभूला घेऊन गेली.

शंभू वाचला. पाय गुडघ्याखालून गेला. थोडं आधी आणलं असतं तर राहिला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं.

सोसायटीने सानपांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि एक भाषण, त्यात "देवासारखे धावून आले" असं एक वाक्य होतं. सानप ते ऐकताना खुर्चीत एकदाही हलले नाहीत, आणि मी द्वारकावहिनींकडे पाहिलं तर त्याही त्यांच्याकडेच बघत होत्या, घाबरल्यासारख्या. त्यानंतर शेडला कुलूप लागलं. माझे वर्ग इतके शांत झाले की मला शिकवणं सुचेना. मी फळ्याकडे तोंड करून खालच्या आवाजाची वाट बघत राहायचे.

एप्रिलमध्ये शंभू परतला. सोसायटीने त्याला गेटवर खुर्ची दिली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, "सानपभाऊ व्हते म्हणून जित्ता हाय. न्हाय तर संपलो व्हतो." पेपरवाला, दूधवाला, मोलकरणी, पाहुणे, सगळ्यांना. सानप गेटने यायचे-जायचे बंद झाले. मागे पाण्याच्या टाकीजवळ भिंतीत एक खिंडार आहे, तिथून अंग चोरून बाहेर पडायचे आणि तासन्‌तास भटकून यायचे. द्वारकावहिनी म्हणाल्या, "कुठं जातात इचारलं तर म्हणतेत, फिरून आलो. कात्रजपस्तोर चालत जायलेत. पायाला फोड आलेत."

एका दुपारी वर्ग सुटल्यावर ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत. उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे नुसती चाळवाचाळव.

"मॅडम, बरणी तुम्ही धरली होती."

"हो."

"चाललं असतं."

मला कळलं नाही. "काय चाललं असतं?"

"नुसत्या पेट्रोलवर. दोन-चार मिनटं तरी चाललं असतं. मंग गेला असता पिस्टन." ते माझ्याकडे बघत नव्हते. "काम दोन मिनटाचंच होतं."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"फिटर हाये मी, मॅडम."

इतके दिवस मी समजत होते की तेलाशिवाय ते यंत्र चालतच नाही. सगळेच तसं समजत होते. त्या धावण्यामागे काय होतं, हे कुणाला दिसलं नव्हतं. मला त्यांची चीड आली, अगदी तळपायापासून. आणि त्याच क्षणी माझा ठरावही आठवला. डबा शेडमध्ये असता तर तेलाच्या बाटल्याही त्याच्या शेजारीच असत्या. मी ते बोलून दाखवलं. ते म्हणाले, "ठरावाचं काय घेऊन बसायल्यात? पेट्रोल मिळालं होतं ना. तुम्ही तोंडानं ओढून दिलं होतं."

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "कशावरून चाललं असतं? अर्ध्या मिनिटातच बंद पडलं असतं तर? मग शंभूचं काय झालं असतं? तेल आणलंत तेच बरोबर असेल."

सानपांनी पहिल्यांदा वर पाहिलं.

"तेच बघायचंय," ते म्हणाले. "उद्या मांजरीला येता का? घड्याळ घेऊन. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही हे."

मी गेले. नाही कशी म्हणणार होते?

मच्छिंद्रच्या शेताच्या बांधावर सानपांनी सतरा नंबर पूर्ण उघडली. आतलं उरलंसुरलं तेल फडक्याने पुसून काढलं, पेट्रोलने धुतलं, वाळवलं. "आत तेल राह्यलं तर खोटं ठरंल," म्हणाले. त्यांच्या हातात तो चिकमगळूरचा पिस्टन होता, त्यावर एकही ओरखडा नव्हता. तो त्यांनी परत बसवला, सगळं जुळवलं आणि टाकीत नुसतं पेट्रोल ओतलं. मच्छिंद्रने वास घेतला आणि ओरडला, "आरं, तेल कुठं हाय ह्यात? येडा झाला का काय तू? चार वरसं घालवली का न्हाई त्याच्यापायी?"

"गप ऱ्हा जरा," सानप म्हणाले.

समोर बाभळीचा ओंडका दोन दगडांवर ठेवलेला होता, त्या फांदीएवढाच जाड. हे मापही त्यांनी आठवणीने घेतलं होतं. त्यांनी दोरी ओढली. पेटली. मी घड्याळ सुरू केलं.

पहिला काप. लाकडाची एक चकती खाली पडली. बंद पड, मी मनात म्हणत होते. आत्ता बंद पड! या माणसासाठी मी आजवर देवाकडे काही मागितलं नव्हतं, पण त्या बांधावर उभी राहून मी मागत होते की याचं यंत्र जळून जाऊ दे, लगेच, या क्षणी. माझ्यासाठीही मागत होते, ते लपवण्यात अर्थ नाही. दुसरा काप. दुसरी चकती. एक मिनिट पन्नास सेकंद. आवाज बदललेला नव्हता. सानपांनी तिसरा घेतला. धूर निळा नव्हता, जवळजवळ दिसतच नव्हता. मच्छिंद्र डोक्याला हात लावून मातीत बसला. चौथ्या कापाला आवाज चिरका झाला, पाचव्याला लोखंड ओरडल्यासारखा, आणि मग एकदम काहीच नाही. सानपांनी दोरी ओढली. दोरी जागची हलली नाही.

घड्याळात चार मिनिटं वीस सेकंद झाले होते.

सानप करवत तशीच हातात धरून उभे होते. ती तापलेली होती, हाताला चटका बसत असणार. "किती झालं, मॅडम?"

बावीस वर्षं मी मुलांना उत्तर लपवू नका असं शिकवत आले. चुकलं तरी लिहा, खोडू नका.

"एक मिनिट," मी म्हटलं. "एक मिनिटसुद्धा नाही, सानप. पन्नास-पंचावन्न सेकंद. तुम्ही त्या दिवशी तेल आणलंत तेच बरोबर होतं. एक कापही पुरा झाला नसता."

मच्छिंद्रने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ पर्समध्ये टाकलं.

सानपांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. एखाद्या लहान मुलाला समजावून सांगावं तसं ते म्हणाले, "मॅडम, खाली बगा. चकत्या मोजा."